अर्धी गोळी

मी गोळ्यांचा डबा बोलतोय. निळा, प्लास्टिकचा, वीतभर लांबीचा. मला सावकाश बोलायची सवय आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या. शिक्षणही फार नाही. माझ्या सात झाकणांवर सात वारांची सात इंग्रजी अक्षरं उठवलेली आहेत, त्यातली दोन पुन्हा आलेली. म्हणजे मला येतात ती पाचच. तेवढ्या भांडवलावर मी एका घरात नऊ वर्षं काढली, आणि त्यातले सात आठवडे खोटं बोललो. तेच सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. गरम रस साच्यात ओतला, गार झाला, झाकणं बसली, आणि माझ्यासारखेच शेकडो भाऊ एका खोक्यात भरले गेले. त्यातला मी बर्फाळ सस्कॅचेवान प्रांतातल्या लिपोवका नावाच्या गावी, औषधांच्या दुकानात एका आकड्याला लटकत राहिलो. एक दिवस लॉरेल नावाच्या बाईनं मला काढलं. शेजारचा हिरवाही काढला. हिरवा वडिलांना, निळा आईला.

"आई, आता तरी गोळ्या बशीत ओतून घेणं बंद कर," तिनं घरी आल्या आल्या सांगितलं.

"बशीला काय धाड भरलीय? तुझी आजी जन्मभर बशीतूनच घ्यायची."

"आजी एकच गोळी घ्यायची आई, डोकेदुखीची. आणि तिच्यावर घोटभर दारू."

"म्हणून तर ब्याण्णव वर्षं जगली," आई म्हणाली, आणि मला उचलून चहाच्या डब्याशेजारी फडताळात ठेवलं. ती नेटी. माझी मालकीण.

नेटीनं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. तिचा नवरा ओरेस्ट, रुळाकडेच्या धान्यकोठारात चाळीस वर्षं होता. गव्हाची धूळ त्याच्या छातीत जी बसली ती निवृत्तीनंतरही उठली नाही. थंडी पडली की त्याचा श्वास शिट्टी घालायचा. दोघांचा दिवस ठरलेला. साडेसहाला कॉफी. रेडिओवर आधी हवामान आणि मग कोण गेलं त्याची नावं. "आज आपलं नाव नाही," असं ओरेस्ट रोज म्हणायचा, आणि नेटी रोज म्हणायची, "मग ऊठ, कचरा टाकून ये." नऊ वाजता तो पेट्रोलपंपावरच्या टेबलाशी म्हाताऱ्या मंडळींत जाऊन बसायचा. ती बागेत बटाटे, बीट, शेपू यांच्यात. बुधवारी चर्चच्या तळघरात बायका जमून बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी वळत, तिथं ती सगळ्यात भरभर वळायची.

पाच वर्षांपूर्वी नेटीच्या डोळ्यांना काहीतरी झालं. कडेचं दिसायचं, मधलं दिसेना. समोरच्याचे खांदे दिसत, चेहरा धुकट. गोळ्या तर सगळ्या सारख्याच. तेव्हापासून मला भरायचं काम ओरेस्टकडे आलं.

रविवारी चर्चहून आल्यावर तो टेबलाशी बसायचा, चष्मा नाकावर ओढायचा, माझी सातही झाकणं उघडायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "सोमवार. प्रेशरची एक. थायरॉइडची एक. डोळ्यांची एक." मग, "मंगळवार. प्रेशरची एक..." नेटी ओट्याशी पीठ मळत ऐकायची.

"अरे, प्रार्थना म्हणतोयस की गोळ्या भरतोयस?"

"प्रार्थनेत चुकलं तर देव माफ करतो. इथे चुकलं तर तू करणार नाहीस."

ती हसायची. मला ते रविवार फार आवडायचे. आपल्यावर कुणाचा एवढा विश्वास आहे, हे डब्यालाही कळतं.

दर वर्षी अकरा नोव्हेंबरला गावच्या युद्धस्मारकावर फुलांचं चक्र वाहिलं की दुसऱ्या दिवशी ही दोघं थंडीपुरती सरहद्दीपलीकडे ॲरिझोनाला निघायची. गाडीनं तीन दिवसांचा रस्ता. तिथे एका वसाहतीत त्यांचं पत्र्याचं छोटं घर होतं, चाकांवरचं, पण चाकं कधीच मातीत गेलेली. पाच महिने तिथे राहायचं, एप्रिलमध्ये परत. मीही जायचो. तिथला ओरेस्ट वेगळाच असायचा. सकाळी फिरायला जायचा आणि त्याची शिट्टी वाजायची नाही. दुपारी लोखंडी खुंटीवर घोड्याचे नाल फेकायचा खेळ खेळायचा आणि हरला की भांडायचा. "इथे मी पुन्हा माणूस होतो, नेटी," तो म्हणायचा.

नेटीला तिथलं ऊन आवडायचं, पण तेवढंच. "मला काय, बर्फातच जन्म गेलाय," ती म्हणायची. "तुझ्या छातीसाठी येते मी. आणि इथली पपनसं चांगली असतात."

तयारी ऑगस्टपासूनच सुरू व्हायची. फ्रिजवर यादी लागायची. पाण्याचा मुख्य नळ बंद करणे, पाइप रिकामे करणे, फ्रिजचं दार टॉवेल अडकवून उघडं ठेवणे, उंदरांचे सापळे. समोरचा लॉइड दर तीन दिवसांनी घरात चक्कर मारून कागदावर सही करणार, नाहीतर घराच्या विम्याला अर्थ नाही. आणि सगळ्यांत मोठं काम, प्रवासातल्या आजारपणाचा विमा. त्याचा फॉर्म ओरेस्ट मोठ्यानं वाचून दाखवायचा. निघण्याआधीच्या नव्वद दिवसांत एखादी गोळी वाढली, कमी झाली किंवा बदलली, तर त्या दुखण्याचा खर्च कंपनी देणार नाही.

"कमी झाली तरी?" मी सांगतोय त्या वर्षी नेटीनं विचारलं होतं.

"कमी झाली तरी. बदल म्हणजे बदल."

"म्हणजे बरं होणंसुद्धा गुन्हाच की!"

दोघंही हसली. मीही मनातल्या मनात हसलो. पुढे ते हसणं महाग पडायचं होतं.

सप्टेंबरात एकदा लॉइड कॉफीला आला. त्यानं शेजारच्या गावातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. बायको ॲरिझोनात पडली, इस्पितळात नेली, नंतर कंपनीला कळलं की निघण्याआधी महिनाभर तिची एक गोळी बदलली होती. त्या माणसाला जमीन विकावी लागली.

"साखरेची गोळी होती रे फक्त," लॉइड म्हणाला. "आणि आजार गुडघ्याचा. तरी वर्षभर भांडत बसलाय बिचारा. म्हणून सांगतो, नोव्हेंबर येईपर्यंत डॉक्टरच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहू नका, राजेसाहेब."

पेट्रोलपंपावर ओरेस्टला सगळे राजेसाहेब म्हणत. ॲरिझोनाचे राजेसाहेब. एरवी तो हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

त्यानंतर आठवड्यानं, बुधवारी, फोन वाजला. नेटी चर्चच्या तळघरात होती. ओरेस्टला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो. फडताळाचं दार उघडं होतं. मी शब्दन्शब्द ऐकला.

दवाखान्यातली नर्स जोलीन होती. "ओरेस्ट, नेटी आहे का?"

"पेरोगी वळायला गेलीय."

"मग तूच लिहून घे, तूच डबा भरतोस ना! चांगली बातमी आहे. तिचं वजन उतरलंय, प्रेशर बरंच खाली आलंय. डॉक्टर म्हणतात, प्रेशरची गोळी आजपासून अर्धी पुरे. पूर्ण घेतली तर उलट चक्कर येईल. नवीन गोळ्या पाठवायला सांगू का दुकानात?"

ओरेस्टची नजर फ्रिजवरच्या यादीकडे गेली. "नको. घरात जुन्या पुष्कळ आहेत. त्याच अर्ध्या करू."

"बरं. मी इथे नोंद करते."

"नोंद करायलाच हवी का?"

"म्हणजे?"

"काही नाही. कर."

फोन ठेवल्यावर त्यानं कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठीमागे पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले. प्रेशर, अर्धी. कागदाची घडी केली, मला उचललं, घडी खाली ठेवली आणि मला तिच्यावर ठेवलं. मग उभ्या उभ्या म्हणून पाहिलं, "नेटी, एक बातमी आहे." पुन्हा म्हणाला, "नेटी, बातमी चांगली आहे, पण." त्या 'पण'च्या पुढे त्याला जाता आलं नाही.

तेवढ्यात ती आली. बाह्यांना पीठ, गाल लाल. "दीडशे डझन! आणि त्या म्हणतात, राणीसाहेब, यंदा तुम्ही पळायच्या आत आणखी दोन बुधवार द्या. तू असा का उभा आहेस?"

"बातम्या ऐकत होतो."

"काय म्हणतात?"

"थंडी लवकर येणार म्हणतात."

अशी सुरुवात झाली. मी त्या कागदावर बसून होतो. मला हलता आलं असतं तर? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो. मला हलता येत नाही, हे खरं आहे. पण खरं असलं म्हणून ते पुरतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी नेटीनं फडताळ पुसायला काढलं. मला उचललं, आणि तिच्या बोटांना कागद लागला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, तिरका धरला, पेन्सिलीचे फिके शब्द तिला काही लागेनात.

"हे काय रे?"

"लॉइडसाठी आहे," ओरेस्ट म्हणाला. "नळ कुठे बंद करायचा ते."

"मग फ्रिजवर लाव की. डब्याखाली कशाला?"

तिनं तो कागद त्याच्या हातात दिला. स्वतःच्या हातानं दिला. त्यानं तो खिशात घातला.

रविवार आला. सातही झाकणं उघडली. "सोमवार," तो म्हणाला, आणि थांबला. नेटी कोबीची पानं उकडत होती. "प्रेशरची एक," तो म्हणाला. आवाज जरा पडलेला होता. "जोरात म्हण, ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि त्यानं जोरात म्हटलं, "प्रेशरची एक." सात वेळा. पूर्ण गोळी माझ्या पोटात पडली, तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. टिक.

ऑक्टोबरात नेटी उठताना टेबल धरायला लागली. "उठलं की घर फिरतं," ती म्हणायची.

"हळू ऊठ. म्हातारे झालो आपण."

"तू झालास. मी अजून सत्तरीतच आहे."

तो हसायचा, पण ती दुसरीकडे गेली की तिच्याकडे बघत राहायचा. ती तीस वर्षं शाळेची मोठाली पातेली उचललेली बाई. आता बागेतून बादली आणताना दोनदा थांबायची. त्याला दिसत होतं. मलाही दिसत होतं. आम्हा दोघांनाच कारण माहीत होतं.

एका रविवारी त्यानं छोटी सुरी घेतली. प्रेशरची गोळी पावाच्या फळीवर ठेवली. तिच्या मधोमध रेघ असते, अर्धी करायलाच. त्यानं रेघेवर सुरी दाबली. गोळी तुटली. दोन तुकडे फळीवर पडले आणि तो त्यांच्याकडे बघत बसला. माझ्या मनात आलं, सुटलो. आता एक तुकडा आत ठेव, एक बाजूला, आणि सांग तिला.

"ओरेस्ट," ती आतून ओरडली, "तुझी उन्हाळी विजार बॅगेत टाकू की यंदा नवी घेणार?"

"टाक, टाक," तो म्हणाला. आणि दोन्ही तुकडे उचलून त्यानं मंगळवारच्या खणात टाकले. दोन्ही.

मंगळवारी तिनं ते तळहातावर घेतले. बोटानं चाचपले. "आज गोळी तुटलेली दिसते."

"हो," तो म्हणाला. "तुटली."

ती दोन्ही गिळून मोकळी झाली. तिला वाईट काही देतोय असं त्याला वाटतच नव्हतं, असं मी म्हणणार नाही. वाटत होतं. पण तो स्वतःला सांगायचा, थोडेच दिवस. तिकडे पोहोचलो की बघू. ऊन मिळालं की चक्कर जाईल. आणि खरं ते हे की त्याला जायचं होतं. आपल्या छातीसाठी, त्या नालांच्या खेळासाठी, पुन्हा माणूस होण्यासाठी. तो वाईट माणूस नाही. मी नऊ वर्षं त्याच्या बोटांत होतो. पण चांगल्या माणसाची बोटंसुद्धा पूर्ण गोळी टाकू शकतात.

अकरा नोव्हेंबर झाला. बाराला उजाडताच गाडी निघाली. मी नेटीच्या पर्समध्ये. तिच्या पायाशी जेवणाची पेटी, तिच्यात लसणीच्या सॉसेजची दोन वेटोळी. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "खाण्याचं काही?"

"नाही," ओरेस्ट म्हणाला.

"आहे," नेटी म्हणाली. "सॉसेज आहे. दोन. माझ्या चुलतभावानं केलेली." तिनं ती काढून खिडकीतून दिली. अधिकाऱ्यानं ती ठेवून घेतली आणि हसून जाऊ दिलं.

गाडी सुरू झाल्यावर ती म्हणाली, "एवढ्याशा सॉसेजसाठी खोटं? तुला ते जमत नाही ओरेस्ट, कधीच जमलं नाही. कान लाल होतात तुझे. आत्ताही झाले असणार."

"झालेत," तो म्हणाला.

"बघ!" ती म्हणाली, आणि समाधानानं सीटला टेकली.

पर्सच्या अंधारात मला वाटलं, आता गाडी थांबवेल. आता सांगेल. गाडी मॉन्टानातून दक्षिणेकडे धावत राहिली.

शुक्रवारी सकाळी रस्त्याकडेच्या हॉटेलात दोघं न्याहारीला बसली. अंडी, बटाटे, कॉफी. नेटीनं मला पर्समधून काढलं, शुक्रवारचं झाकण अंगठ्यानं चाचपलं आणि उघडलं. मी तिच्या तळहातावर गोळ्या ओतल्या. मीच. पाण्याबरोबर त्या गेल्या. अर्ध्या तासानं, "जरा तोंड धुऊन येते," म्हणून ती उठली आणि दोन पावलांवर पडली. खुर्ची उलटली. मनगट खाली सापडलं, त्याचा आवाज मी ऐकला.

जवळच्या गावचं इस्पितळ लहान होतं. तिला खाटेवर घेतलं, हाताला फळी बांधली, छातीला तारा लावल्या. प्रेशर फार खाली होतं आणि नाडी अगदी संथ. तरुण डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या. "हृदयाच्या आतच काहीतरी दिसतंय," त्या म्हणाल्या. "मोठ्या शहरात हेलिकॉप्टरनं पाठवावं लागेल. ठोके नीट पडावेत म्हणून हृदयात तार घालावी लागेल कदाचित, आजच."

नर्सनं विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत? तीन महिन्यांत काही बदल?"

नेटी आडवी होती, चेहरा पांढराफटक. तरी तिच्या आवाजात अभिमान होता. "काही बदल नाही. माझा नवरा भरतो डबा. पाच वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. दाखव रे त्यांना."

ओरेस्टनं मला काढून टेबलावर ठेवलं. नर्सनं एकेक झाकण उघडलं. "ही प्रेशरची, पूर्ण एक, रोज?"

"रोज," नेटी म्हणाली.

माझी सातही झाकणं उघडी होती. मी एवढा उघडा आयुष्यात कधी नव्हतो, आणि एवढा खोटाही कधी नव्हतो.

नर्स लिहायला लागली. डॉक्टरीणबाई फोनकडे वळल्या. ओरेस्टची छाती शिट्टी घालत होती. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं, निदान त्या दिवशी. हेलिकॉप्टर आलं असतं. नेटीच्या हृदयात तार गेली असती.

"थांबा," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. त्यानं टोपी काढली. "थांबा हो! अर्धी. अर्धी सांगितली होती."

"काय अर्धी?" डॉक्टरीणबाईंनी फोन खाली केला.

"तिच्या डॉक्टरनं. सप्टेंबरात. प्रेशरची गोळी अर्धी करा म्हणाले, पूर्ण घेतली तर चक्कर येईल म्हणाले. मी केली नाही. मी तिला सांगितलंच नाही. विम्याला बदल चालत नाही म्हणून." मग तो नेटीकडे वळला. "डब्याखाली होता तो कागद, त्यात हेच होतं," एवढंच म्हणाला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवून दिला, सलाइन लावायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "मग आधी गोळी उतरू देऊ. थांबून बघू." नर्सनं आधीची ओळ खोडून नवी लिहिली.

नेटीनं उशीवरून मान उचलली. तिला मधलं दिसत नाही, म्हणून कुणाकडे नीट पाहायचं तर ती मान जरा तिरकी करते. तशी मान करून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"मी तुला विचारत होते, घर का फिरतं," ती म्हणाली. "आणि तू म्हणालास, म्हातारे झालो."

"हो."

"गोळी माझी होती, ओरेस्ट."

"हो."

"मी घरी राहिले असते. तुझ्यावर चिडले असते, तुझी छाती ऐकून रडले असते, पण राहिले असते. मला विचारायचं तरी होतंस."

दुसऱ्या दिवसापर्यंत नाडी सुधारली. हृदयाला काहीही झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हात प्लास्टरमध्ये घेऊन ती गाडीत बसली. गाडी उत्तरेकडे वळली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "पेट्रोल बघ."

लिपोवकात घर गारठलेलं. लॉइडनं येऊन पाणी सुरू करून दिलं, भट्टी पेटवली, जाताना बायकोनं दिलेलं जेवणाचं भांडं टेबलावर ठेवलं. राजेसाहेब म्हणाला नाही. लॉरेल सास्कटून शहराहून धावत आली. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "आई, हा डबा मी फेकून देते. नवा आणते. मला बघवत नाही याच्याकडे."

"राहू दे," नेटी म्हणाली. "डब्याचा काय दोष?"

तिनं मला सोडलं. पण मी कसा सुटणार? फेकला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

आता मला नेटी भरते. मोठं भिंग, टेबलावर दिवा, उजव्या हाताचं मनगट अजून आखडलेलं. तासभर लागतो. ओरेस्ट मदतीला येत नाही, आणि ती बोलवत नाही. तो शेजारच्या खोलीत बसून राहतो. रविवारी आमच्या घरात आता कुणी मोठ्यानं काही म्हणत नाही.

कंपनीचं पत्र आलं. नाही म्हणाली, ते माहीतच होतं. ॲरिझोनाचं घर विकायला काढलंय. बाहेर उणे चौतीस. ओरेस्ट तोंडावर मफलर बांधून कचरा टाकून येतो आणि दारात दहा मिनिटं खोकत उभा राहतो.

जुन्या पंचांगाप्रमाणे सहा जानेवारीला आमचा नाताळ. कितीतरी वर्षांनी तो त्यांनी घरी केला. बारा पदार्थ, एका हातानं. मध-खसखस घातलेली गव्हाची खीर, बिटाचं सार, मासे, पेरोगी. ओरेस्ट सांगेल ते चिरून देत होता. टेबलावर मेणबत्ती ठेवून ती भिंतीवर अजून लटकत असलेल्या गेल्या वर्षाच्या कॅलेंडरपाशी गेली. अंक मोठे असतात, बोट ठेवून, मान तिरकी करून ती मोजू लागली. मी फडताळातून बघत होतो.

"जोलीनचा फोन कधी आला होता?" तिनं विचारलं.

"सप्टेंबरात. शेवटच्या बुधवारी."

"तेव्हापासून नव्वद दिवस." ती पानं उलटत राहिली. मग बोट एका चौकटीवर थांबलं. "ओरेस्ट. नव्वद दिवस डिसेंबरातल्या नाताळच्या आठवड्यातच भरले की रे. तेव्हापासून रोज अर्धी घेतली असती, तर तो बदल जुना झाला असता. कंपनीला काही बोलायला जागा नव्हती. हा सण घरी केला असता, आणि उद्या-परवा निघालो असतो."

तो हातात सुरी घेऊन उभा राहिला.

"आठ आठवडे," ती म्हणाली. "आठ आठवडे उशीर, एवढीच तर गोष्ट होती. आपण दोघं टेबलाशी बसलो असतो तर पाच मिनिटांत मोजलं असतं."

ओरेस्टनं सुरी खाली ठेवली. कोट घातला, मफलर न घेताच, आणि बाहेर जाऊन बर्फ ओढायला लागला. पायवाट साफच होती, लॉइडनं दुपारी केलेली. तरी तो फावडं घालत राहिला. त्याची शिट्टी काचेतून आत ऐकू येत होती. नेटी मेणबत्तीपाशी बसून ऐकत होती. मग ती उठली, हळू, टेबल न धरता. दार उघडलं. थंडी आत घुसली आणि मेणबत्ती विझली.

"आत ये," ती म्हणाली.

"येतो थोड्या वेळानं."

"आत्ता ये. रागावलेय ती मी. मला रागवायचं ते आत बसूनही रागवता येतं. तू बाहेर मरून मला त्यातूनही सुट्टी देऊ नकोस. खीर गार होतेय."

तो आला. तिनं त्याचा कोट काढून घेतला नाही, खांद्यावरचा बर्फही झटकला नाही. पण त्याच्यापुढे वाडगा ठेवला, आणि स्वतः त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली. दोघांनी खीर खाल्ली.

एवढीच माझी कहाणी. मी अजून फडताळात आहे. माझ्या पोटात आता अर्ध्या गोळ्या असतात, सात अर्धुकं, आणि त्यांचा टिक आवाज हलका येतो. मला सात तोंडं आहेत, पण माफी मागायला एकही कामाचं नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरात कुणी कुणाचा डबा भरत असेल, तर भरणाऱ्याला माझा निरोप द्या. प्रेमानं भरतोस, ते ठीक आहे बाबा. पण ज्याच्या तोंडात जायचं आहे, त्याच्याजवळ बसून भर.

परवा रविवारी नेटीचं भिंग टेबलाखाली पडलं. तिनं ते शोधलं नाही. शेजारच्या खोलीकडे मान वळवून म्हणाली, "ओरेस्ट, इकडे ये. वाचून दाखव बाटलीवर काय लिहिलंय ते. भरणार मीच."

तो आला. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला आणि वाचायला लागला.